माठाखालची रेती

दौलतभाऊ, तुमच्या दहाव्याला घरातला माठ बाहेर काढला तेव्हा मी अंगणात मांडवाखाली बसून चहा पीत होते. बायका आतून एकेक मडकं आणून मागच्या दारी ठेवत होत्या. माणूस गेला की घरातली जुनी मडकी टाकायची आणि नवी भरायची, हे मला काय माहीत नव्हतं? यवतमाळला आमच्या घरीही हेच करतात. आई गेली तेव्हा आमच्याकडचा माठ मीच उचलून दिला होता. तरी डोक्यात उजेड पडला नाही. तुमचा माठ माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मी बशीतला चहा फुंकत राहिले.

त्या माठाखालच्या ओल्या रेतीत आपली डबी पुरलेली होती. डबीत स्पंजचा तुकडा, स्पंजात आपले जंत आणि शेजारी त्यांनी मारलेल्या दोन-चार अळ्या. आपल्याजवळ जिवंत होते ते तेवढेच. शेताच्या ज्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते तुम्हाला सापडले तो रस्त्याच्या कामात जेसीबीनं केव्हाच सपाट केला. म्हणून तर उन्हाळ्याची सुटी लागली आणि कॉलेजच्या ऑफिसनं लॅबचा फ्रीज बंद करायला लावला, तेव्हा ती डबी तुम्ही सायकलला अडकवून घरी नेली. "माठाखालतं थंडं राह्यते, मॅडम. फ्रीजले लाइट लागते, माठाले काय लागते?" मी हसले होते. मनातून बरंही वाटलं होतं की चला, माझ्या डोक्याचा एक ताप गेला.

लोक मला विचारतात, तुम्ही इतक्या कशाला रडता मॅडम, ते तुमचे कोण होते? मी सांगते, मारेगावच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते आणि दौलतभाऊ आमचे लॅब अटेंडंट होते. यापुढे काय सांगायचं ते मला सुचत नाही, म्हणून ते तुम्हालाच सांगते आहे.

तुम्ही काडीपेटी घेऊन आलात तो दिवस आठवतो? मी पेपर तपासत होते. पेटीत एक बोंडअळी होती, मेलेली, दूध घातलेल्या चहाच्या रंगाची. मी वर न बघताच म्हटलं, "भाऊ, फवाऱ्यानं मेली असेल, टाका तिकडे." तुम्ही टाकली नाही. पेटी सरळ माझ्या नाकाखाली धरली. "वास घ्या ना, मॅडम. मेली कव्हाची, पण सडून नाई राह्यली."

मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू? पण वास घेतला. घाण म्हणून नव्हती, ओल्या मातीसारखा वास होता. मग तिला पाण्याच्या थेंबात उकललं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर आत बारीक शेवयांसारखी वळवळ. अळीच्या पोटात शिरून दोन दिवसांत तिला मारणारे सूत्रकृमी. ते स्वतःबरोबर असे जिवाणू आणतात की मेलेली अळी सडत नाही, कारण तिच्यातच त्यांना वाढायचं असतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, वर्गात शिकवत होते, आणि समोर आलं तेव्हा टाका म्हणाले. तुम्ही वाचलेलं नव्हतं. तुम्ही नाक लावलंत.

मग दोन वर्षं आपण दुसरं काय केलं? मी पुस्तकं उपसली. एकाशी शेपटी जुळायची तर तोंड जुळायचं नाही, दुसऱ्याशी तोंड जुळायचं तर लांबी कमी भरायची. कुणाशीच जुळत नाही हे नक्की झालं त्या दिवशी मी लॅबमध्ये अक्षरशः नाचले. "भाऊ, नवीन प्रजाती आहे ही! नवीन!" तुम्ही काचा पुसत होतात. "नवीन कायची? माह्या बापाच्या आधीपासून धुऱ्यावर असतीन ते. आपल्याले नवीन." त्या वाक्यानं माझी हवाच काढून घेतलीत तुम्ही.

आणि चित्रं? माझा हात थरथरतो. पोळ्याला अख्ख्या गावाच्या बैलांची शिंगं रंगवणारा तुमचा हात. सूक्ष्मदर्शकाला आरसा जोडून कागदावर जे दिसतं ते गिरवायचं, हे मी तुम्हाला एकदाच दाखवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नराची शेपटी काढून आणलीत. तिच्याजवळची काट्यांची जोडी, एवढीशी, कापसाच्या तंतूहून बारीक, पण अशी काढलीत की मी बघतच राहिले. विद्यापीठातल्या माझ्या सरांनी ती बघून विचारलं, "कुठल्या आर्टिस्टकडून काढून घेतलीत?" मी काय उत्तर दिलं हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी नुसती हसले, भाऊ.

जंत ठेवलेल्या काचपट्टीच्या कडा हवाबंद करायला नेलपॉलिश लागतं म्हणून तुम्ही बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानात गेलात, आणि दुकानदार म्हणाला, "काय दौलतभाऊ, या वयात सुमनवहिनीले नटवून राह्यले का?" तुम्ही म्हणालात, "नाई, जंताईसाठी पाह्यजे." तो आठवडाभर बाजारात सगळ्यांना सांगत फिरला की दौलतचं डोकं फिरलं. आपण दोघं किती हसलो होतो. पण पुढे त्याच नेलपॉलिशवर माझी गाडी अडली. नरांच्या शेवटच्या काचा केल्या तेव्हा मला सुटीची घाई होती. तुम्ही म्हणालात, "कडा बंद करून जा, मॅडम, वायतीन." मी म्हटलं, आल्यावर करू. आल्यावर सगळ्या वाळून चिरल्या होत्या. तुम्ही त्या उचलून धुवायला घेतल्यात. बोलायला हवं होतं, चांगलं झापायला हवं होतं मला.

लेख पाठवला त्या मासिकाच्या संपादकाचं पत्र आलं ते नेमकं त्यावर बोट ठेवून. वर्णन चांगलं, चित्रं उत्तम, पण नरांची मोजमापं अपुरी; जिवंत जंतांपासून नवे नर मिळवून मोजा, नाहीतर प्रजाती नवी मानता येत नाही. महिनाअखेरची मुदत. म्हणजे आपल्याला जंत जिवंत हवे होते आणि त्यांना खायला जिवंत अळ्या हव्या होत्या. जुन्या मोहोळात मेण खाणाऱ्या त्या पांढऱ्या अळ्या आपण बरणीत वाढवायचो, पण उन्हानं बरणीतल्या बहुतेक मेल्या.

म्हणून मी तुम्हाला फोन केला.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, भाऊ. त्या दिवशी सकाळी मी यवतमाळहून, कूलरसमोर बसून, तुम्हाला म्हटलं, "भाऊ, अळ्या संपल्यातच जमा आहेत. काहीतरी बघा ना." नुसतं एवढंच. जा म्हणाले नाही. पण काहीतरी बघा म्हटल्यावर तुम्ही घरी बसणार नाही हे मला ठाऊक नव्हतं का? तुम्ही "हो" म्हणालात आणि फोन ठेवला. वैशाखाच्या उन्हात सायकल घेऊन कोलाम आदिवासींच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर गेलात, जुनं मोहोळ आणायला. दुपारी परत आलात, पाणी मागितलंत, खाटेवर आडवे झालात. डॉक्टर म्हणाले हार्ट. वहिनी म्हणत होत्या, ऊन लागलं. मी त्यांचा हात धरून बसले होते आणि मान हलवत होते. हो, ऊन फार आहे यंदा, म्हणाले. तोंड वर करून म्हणाले.

तेरवी झाल्यावर मी डबी आणायला तुमच्या घरी गेले. म्हटलं, आता तरी विचारायला हरकत नाही. आत गेले आणि बघते तर तिवईवर नवाकोरा माठ. खाली नवी रेती, कोरडी. आणि मग मी जे केलं ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. मी ओरडले, भाऊ. नवरा जाऊन दोन आठवडे न झालेल्या बाईवर मी ओरडले. "अहो काय केलंत हे वहिनी! कुणाला विचारून फेकलं?"

वहिनी सूप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "त्या डब्बीत मेलेल्या अळ्या होत्या, मॅडम. माणूस मेलेल्या घरात आखीन मेलेलं कायले ठेवू? धुऊन टाकली डब्बी."

डबी फळीवर पालथी होती. स्वच्छ, चकचकीत.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. दोन वर्षं, तुमची चित्रं, तुमचं नाक, सगळं धुऊन पालथं घातलेलं. मला वाटलं, आता उठून घरी जावं, त्या संपादकाला लिहावं की माफ करा, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा वाटलं की हे सगळं कशासाठी करत होतो आपण? कोणाला काय पडलं आहे एका जंताचं? तुम्हाला पडलं होतं. तुम्ही त्यासाठी उन्हात गेलात. मी तर कूलरसमोर होते.

वहिनी सूप खाली ठेवत म्हणाल्या, "रेती नाई फेकली. चांगली रेती कायले वाया घालवू? सीताफळाच्या आळ्यात टाकली. डब्बीतलं बी तिथंच झटकलं."

तुमच्या मागच्या दारचं सीताफळ. न्हाणीचं पाणी जातं तिथे, सावली असते, माती सुकत नाही. मी धावत गेले. दोन्ही हातांनी माती उकरून पदरात घेतली, वेड्यासारखी. जंत मातीतलेच आहेत, जगले असतील तर तिथेच असतील. पण डोळ्यांना दिसत नाहीत. ते आहेत की नाहीत हे कळायचा एकच मार्ग, मातीत जिवंत अळी ठेवायची आणि ती मरते का बघायचं. तुम्हीच शंभरदा केलेलं. आणि अळी कुठून आणू? माझ्याजवळ एकही नव्हती.

मी ते मोठ्यानं बोलले असेन. वहिनी छपरीत गेल्या. तुमची सायकल तशीच भिंतीला टेकलेली होती, आणि हँडलला थैली. कुणी हात लावला नव्हता. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. "हे त्याईनं आणलतं. त्या दिवशी."

आत जुनं मोहोळ, काळं, जाळ्यांनी भरलेलं, आणि जाळ्यांत पांढऱ्या अळ्या. काही कोषात गेलेल्या, काही मेलेल्या, पण बऱ्याच जिवंत. तुम्ही आणल्यात, भाऊ. शेवटची फेरी फुकट गेली नव्हती. त्या थैलीकडे बघून माझा बांध फुटला आणि मी सगळं सांगून टाकलं. फोन मी केला होता, मी सांगितलं म्हणून ते गेले, वहिनी, माझ्यामुळे गेले.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "मले मालूम हाये. फोन वाजला तं म्याच उचलून देल्ला ना त्याईले." मग म्हणाल्या, "तुमी नसता केला तरी गेलेच असते ते. त्याईचा जीव त्याच्यातच होता. पण तुमी केलता."

माफ केलं म्हणाल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. चहा टाकला आणि मला कप दिला. मी तो प्यायले, भाऊ, काय करू?

माती मी सहा डब्यांत भरली, थैलीतल्या सगळ्या अळ्या वाटून ठेवल्या आणि लॅबमध्ये ओल्या पोत्याखाली झाकल्या. तिसऱ्या दिवशी डबे उघडले तर सगळ्या मेलेल्या. मी इतकी आनंदले की वासही नीट घेतला नाही. मग घेतला. घाण! काळ्या पडलेल्या, फुगलेल्या, नुसत्या उन्हानं मेलेल्या. पाच डबे तसेच. सहाव्या डब्यातही तसंच. फेकायला निघाले आणि शेवटच्या डब्याच्या तळाशी एक दिसली. चहाच्या रंगाची. मी नाक लावलं. ओली माती.

एकच, दौलतभाऊ. बाकी अळ्या संपल्या आणि आता पुन्हा मोहोळ शोधून मागवलं तरी ते येईपर्यंत आळ्यातल्या मातीत काही उरेल याची खात्री नाही. मी ती अळी काचेवर ठेवली, सुया घेतल्या, दिवा लावला. आत्ता उकलली तर नर मिळतील, मोजमापं होतील, मुदतीत पत्र जाईल, प्रजातीला नाव मिळेल. आणि त्याच क्षणी आपले शेवटचे जंत संपतील. नाही उकलली, तशीच ठेवली, तर तिच्यातून हजारो पिल्लं निघतील आणि सगळं पुन्हा सुरू होईल. किंवा काहीच निघणार नाही, आणि नरही गेले, जंतही गेले.

हे आपलं जुनंच भांडण. मला नेहमी कागदाची घाई. तुम्ही दरवेळी म्हणायचात, "पयले जित्ते ठेवा, मॅडम. कागद काय, कवाही होते." मी म्हणायचे, भाऊ, तुम्हाला नाही कळत, प्रमोशन कागदावर होतं. तुम्ही "बरं" म्हणून काचा धुवायला लागायचात. आणि ते दुसरं भांडण, जे आपण भांडलोच नाही. लेखावर नावं टाकायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, परिचराचं नाव लेखकांत कसं घेणार, खाली आभारात घ्या. मी "हो सर" म्हटलं. तुम्हाला खूश करायला म्हटलं, भाऊ, आपण प्रजातीलाच तुमचं नाव देऊ! तुम्ही हसून हसून लाल झालात. "जंताले माहं नाव? लोक म्हणतीन दौलत पोटात झाला, औषध द्या." आणि काचा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "नाव टाकाचंच असन तं खालतं नका टाकू. वरतं टाका."

मी ऐकलं होतं. न ऐकल्यासारखं करून रजिस्टर उघडलं होतं.

त्या दिवशी सुई माझ्या हातात किती वेळ होती कोण जाणे. शेवटी मी दिवा बंद केला. अळी उकलली नाही, भाऊ. बशीत ओला कागद घातला, तिला वर ठेवलं आणि बस पकडून तुमच्या घरी नेली. लॅबच्या उकाड्यात ती टिकली नसती. वहिनींनी नव्या माठाखालची रेती ओली केली, खड्डा केला, पिल्लं निघाली तर उतरायला बशीच्या कडेनं पाणी सोडलं आणि बशी झाकून ठेवली. "आता नाई फेकत," म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सकाळी वहिनींचा फोन येतो. त्या झाकण काढून वास घेतात आणि मला सांगतात, "नाई सडली." मी विचारते, पाण्यात काही पांढरं दिसतं का? "काई नाई." कधी तुमच्याबद्दल काहीतरी बोलतात, कधी नुसताच फोन ठेवतात. बारा दिवसांच्या वर वाट पाहायची नाही, जे निघायचं ते तोवर निघतं, हे तुमचं गणित. आज अकरावा. मुदत परवा संपली. मी संपादकाला काहीही लिहिलं नाही.

लेखाचा कागद मात्र काढला. वर तुमचं नाव टाकलं, पहिलं, माझ्याही आधी. सरांना विचारलं नाही. चित्रांखालीही तुमचंच नाव आहे. लेखक हयात नसेल तर त्याच्या नावाशेजारी एक लहानशी खूण करतात, क्रुसासारखी. ती खूण करायला मी तीनदा पेन उचललं.

अजून केली नाही, भाऊ. आधी उद्या सकाळचा वहिनींचा फोन येऊ दे.